पुलावरची अकरा मिनिटं

एका घंटेनं दंगलीच्या दिवशी लोकांना गोळा केलं. म्हणून तिला चौकात फटके मारले, तिचा लोलक उपटला आणि तिला हद्दपार केलं. तीनशे वर्षांनी ती परत आली.

एका मुलीच्या टेबलाच्या डाव्या खणात एक लाल पेन्सिल आहे. टोक काढलेली, न वापरलेली.

एका शहरात काकवीची टाकी फुटली आणि दोन मजली उंच लाट रस्त्यावरून धावली.

तिची आत्या रोज सकाळी साडेसहाला कॅलेंडरचं पान फाडते. आधी मागची बाजू वाचते, मग आज तारीख काय ते बघते.

पिकं फस्त करणाऱ्या पक्ष्यांवर एका सरकारनं मशिनगन घेऊन सैनिक पाठवले. पक्षी जिंकले.

एका गावात नदीच्या दोन काठांवर घड्याळं वेगळी चालत, अकरा मिनिटांच्या फरकानं. पुलाचा पहारेकरी रोज पूल ओलांडून पलीकडे बायकोकडे घरी जाई, आणि रोज त्याची अकरा मिनिटं हरवत. एकतीस वर्षांनी त्यानं नगरसभेकडे अर्ज केला, माझी मिनिटं परत द्या. सभेनं हिशेब केला आणि त्याला शहाऐंशी दिवसांची रजा मंजूर केली.

वरच्या सहांपैकी एक गोष्ट खोटी आहे. ती त्या मुलीनं रचली होती.

*

रोज एक पान फाडायच्या कॅलेंडरचा तो छापखाना. पुढच्या बाजूला तारीख, मागच्या बाजूला इतिहासातली एक विलक्षण पण खरी गोष्ट. 'पण खरी' हे दोन शब्द कॅलेंडरच्या नावाखालीच छापलेले असत, आणि छापखान्याची सगळी अब्रू त्या दोन शब्दांवर उभी होती. मागच्या बाजू ती लिहायची, म्हणून सगळे तिला 'मागची' म्हणत. छपाईचं मशीन चालवणाऱ्या मशीनकाकांनी पाडलेलं नाव. लग्नाच्या वयाच्या मुलीला असं नाव पाडतात का, म्हणून आत्या त्यांच्यावर अजून डूख धरून होती.

तो आला तेव्हा तिला कुणी सांगितलंच नव्हतं. दुपारी ती जुन्या अंकांच्या खोलीत शिरली, तर शिडीच्या तिसऱ्या पायरीवर एक अनोळखी माणूस बसलेला, मांडीवर गेल्या वर्षीचं कॅलेंडर. तिची चाहूल त्याला लागली नाही. त्यानं एक पान वाचलं, चष्मा काढला, खिशात ठेवला... आणि मग हसला. आवाज न करता, खांदे हलवत. हसून झाल्यावर चष्मा पुन्हा चढवून पुढचं पान.

हसायच्या आधी चष्मा काढून ठेवणारा माणूस ती पहिल्यांदाच पाहत होती.

"कुठलं पान?" तिनं विचारलं.

तो दचकून पायरीवरून घसरलाच. "घंटेचं. फटके मोजायला माणूस नेमला असेल ना हो? कुणीतरी गंभीर चेहऱ्यानं मोजले असतील."

"तुम्ही कोण?"

"नवा पडताळणीस. तुम्ही?"

"मागची."

त्यानं चष्म्यातून तिच्याकडे नीट पाहिलं. "म्हणजे हे सगळं तुम्ही..." त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिला तेव्हा ते गोड वाटलं. का लाल झाल्या ते कळलं असतं, तर ती तिथूनच माघारी फिरली असती.

*

छापखान्याची रीत अशी. प्रत्येक गोष्टीची एक चिठ्ठी. वर गोष्ट, खाली दोन ओळी: पुरावा एक, पुरावा दोन. दोन्ही ओळी भरल्या आणि पडताळणीसानं सही केली की गोष्ट छापायला मोकळी. आधीचे पडताळणीस वयस्कर होते. ते डाव्या हातानं चहा पीत उजव्या हातानं सह्या करत, आणि दोन्ही हातांकडे बघत नसत.

या नव्यानं पहिल्याच दिवशी तिच्या चौदा चिठ्ठ्या परत आणल्या.

"काकवीच्या लाटेची उंची दोन पुस्तकांत दोन वेगळ्या दिल्यात."

"मग?"

"मग तिसरं पुस्तक शोधू. चला."

"मी कशाला चला?"

"पुस्तक वरच्या फळीवर आहे. शिडी धरायला कुणीतरी लागेल."

दोन दिवसांत मशीनकाकांनी त्याचंही बारसं केलं. दोन-पुरावे. त्याला ते आवडलं असावं. फोन उचलला की तो स्वतःच म्हणायचा, "बोला, दोन-पुरावे बोलतोय."

ती शिडी धरायची. तो वरून पुस्तकाचं नाव, साल, पान सांगायचा, ती खाली लिहून घ्यायची. कधीकधी तो साल सांगायचं विसरायचा आणि खाली बघत राहायचा.

"साल?" ती म्हणायची.

"हां... साल." आणि पुन्हा पुस्तकात.

"आज हवा चांगली आहे," एकदा ती सहज म्हणाली.

"पुरावा एक?"

"खिडकीतून दिसतंय."

"पुरावा दोन?"

"तुम्ही सकाळपासून काम सोडून खिडकीत उभे आहात."

त्यानं चष्मा काढला.

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही सांगता आलं नसतं. याला मात्र खरंच एकही पुरावा नाही.

*

तिसऱ्या महिन्यात एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यानं पाकिटातून चार घड्या घातलेलं एक पान काढलं. कडा झिजलेल्या, मधे चिकटपट्टी. तिनं दुरूनच ओळखलं. सहा वर्षांपूर्वीचं, सहाव्या महिन्यातलं, चौदा तारखेचं.

पुलाचा पहारेकरी.

तिनं हातातला घास डब्यात परत ठेवला.

"हे वाचून मी इथे आलो," तो म्हणाला. "आधी एका कारखान्यात होतो. फाटकावर, हजेरी मांडायला. सातच्या भोंग्यानंतर पाच मिनिटं उशीर झाला की लाल शेरा, तीन शेरे पडले की माणूस घरी. सहा वर्षं मी लाल शेरे मारत होतो. एका सकाळी टेबलावरच्या कॅलेंडरचं हे पान फाडलं आणि वाचलं."

"आणि?"

"आणि नोकरी गेली." तो हसला, पण चष्मा न काढता. "सांगेन कधीतरी. इथे जागा निघेपर्यंत मिळेल ते काम केलं. तुला एक गंमत सांगू या गोष्टीतली? हिशेब चुकलाय."

"कसा?"

"अगं, घरी जाताना अकरा मिनिटं हरवतात, कबूल. पण सकाळी परत येताना तीच अकरा मिनिटं त्याला परत मिळतात की. त्याचं एक मिनिटही गेलेलं नव्हतं."

तिनं डब्याकडे पाहिलं. सहा वर्षांत हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. आत्याच्याही नाही, आधीच्या पडताळणीसांच्याही नाही, हजारो घरांत पान फाडणाऱ्या कुणाच्याच नाही.

"मग गोष्ट चूकच म्हणायची," ती हळूच म्हणाली. कबुलीचं दार उघडत होतं, फक्त एक पाऊल टाकायचं होतं.

"छे गं, उलट. त्या सभेत हिशेब येणारा एक तरी माणूस असेलच ना? त्याला कळलं असणार. तरी त्यानं सही केली. एकतीस वर्षं रोज संध्याकाळी घड्याळाचे काटे पुढे करणाऱ्या माणसाला 'तुझं काही गेलेलं नाही' असं तो म्हणाला नाही." त्यानं पानाची पुन्हा घडी घातली, देवघरातली वस्तू ठेवावी तसं. "त्या सही करणाऱ्याचं नाव मला शोधायचंय. तू दिलेले दोन पुरावे आहेत ना, नगरसभेचे ठराव आणि पहारेकऱ्याच्या मुलीच्या आठवणी? त्यांच्यासाठी एकोणीस ग्रंथालयांना पत्रं टाकलीत."

एकोणीस.

दार मिटलं.

*

त्या पानाची गोष्ट साधी होती. ते कॅलेंडर छपाईला जायच्या सुमारास आत्याच्या हृदयाची शस्त्रक्रिया होती. आई गेल्यापासून आत्यानंच तिला वाढवलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आत नेणार, म्हणून आत्या घाबरलेली आणि घाबरली की आत्या हट्टी व्हायची. "एखादी गंमत सांग. न छापलेली सांग. छापलेल्या मला पाठ आहेत."

तिच्याकडे त्या क्षणी एकही उरली नव्हती. समोर भिंतीवर दोन घड्याळं होती, वॉर्डाच्या या टोकाला एक, त्या टोकाला एक, आणि दोघांत अकरा मिनिटांचा फरक. तिनं त्यातून पूल काढला, नदी काढली, पहारेकरी काढला. आत्या इतकी हसली की परिचारिका रागावून आली.

पुढे आत्याच्या उठबशीत आठ दिवस गेले आणि त्या कॅलेंडरच्या सहाव्या महिन्यात एक पान कमी पडलं. तिनं ती गोष्ट चिठ्ठीवर उतरवली, दोन्ही पुरावे मनानेच लिहिले. वयस्कर पडताळणीसांनी चहा पीत सही केली.

एकच पान. दोन हजारांहून जास्त खऱ्या पानांत एक.

*

ग्रंथालयांची उत्तरं येऊ लागली. 'आपण विचारलेला ग्रंथ आमच्या संग्रहात नाही.' प्रत्येक पाकीट तो तिच्यासमोर फोडायचा आणि प्रत्येक वेळी म्हणायचा, "हरकत नाही, अजून बारा आहेत." मग अजून सात. मग अजून दोन.

सांगून टाकावं, असं ती रोज सकाळी जिन्यावर ठरवायची. वर पोचेपर्यंत चार कारणं जमायची आणि पाचवं कारण समोर बसलेलं असायचं, चिठ्ठ्यांवर मान घालून.

अशात मालकीणबाईंनी नव्या वर्षाच्या मुखपृष्ठाचा विषय काढला. मालकीणबाई सत्तरीच्या, छापखाना सासऱ्यांकडून आलेला, आणि कुठलीही गोष्ट त्या दोनदा विचारत नसत.

"पहारेकरी," तो म्हणाला. "पूल, दोन घड्याळं, मधे एक माणूस."

"छान आहे. चित्र काढायला सांगा. आणि हो, मुखपृष्ठावर जायची तर जुनी सही चालायची नाही. तुमची हवी."

छपाईच्या प्लेटी तयार झाल्या. सोमवारी एकोणिसावं पाकीट आलं. नाही.

त्यानं ते बाकीच्या अठरांवर ठेवलं. मग उठून तो तिच्या टेबलापाशी आला. हातात जुनी चिठ्ठी, तिच्याच अक्षरातली.

"उद्या चारला मुखपृष्ठ मशीनवर चढतंय," तो म्हणाला. "पुरावे मला मिळाले नाहीत. पण ही चिठ्ठी तू लिहिलीस. ती पुस्तकं तू पाहिली होतीस ना?"

खिडकीच्या काचेवर एक माशी चालत होती. ती कडेपर्यंत गेली, वळली, परत आली.

"मी आजवर कुणाच्या शब्दावर सही केलेली नाही," तो म्हणाला. "तू हो म्हण. मी करतो."

"...हो," ती म्हणाली.

त्यानं तिथेच, तिच्या टेबलावर वाकून सही केली. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. जाताना वळून म्हणाला, "उद्या मशीनवर पहिला ताव निघाला की तुला एक विचारायचंय. त्याला मात्र एकच पुरावा पुरेल."

*

त्या संध्याकाळी आत्यानं तिच्याकडे दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हा टीव्ही बंद केला.

"दोन-पुरावेनं काही म्हटलं का?"

"उद्या म्हणणार आहे."

"मग तोंड असं का? एरंडेल प्यायल्यासारखं?"

तिनं सगळं सांगितलं. आत्या ऐकत होती. ऐकून झाल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाली, "म्हणजे तो पहारेकरी नव्हताच?"

"नव्हता, आत्या."

"मी त्याच्या जिवावर भूल घेतली गं." तिनं रिमोट बाजूला ठेवला. "राग नाही आला मला. मी तुझी आत्या आहे, मला चालतं. त्याला चालेल का ते मला विचारू नकोस. त्यालाच विचार, आणि चारच्या आत विचार."

*

मंगळवार, तीन वाजून चाळीस मिनिटं. तळमजला, मशीन. शाईचा आणि गरम तेलाचा वास. हवेत दमटपणा होता, कागद फुगला होता, म्हणून मशीनकाका कागदावर आणि हवेवर सारखेच चिडलेले. तो मशीनच्या तोंडाशी उभा, लहान मुलासारखा, पहिला ताव हातात घ्यायला.

"आलीस?" तो म्हणाला. "वेळेआधी."

तोंडानं सांगणं तिला जमणार नव्हतं. तिनं चिठ्ठी पुढे केली.

*गोष्ट: पुलाचा पहारेकरी नव्हता. पूल नव्हता. सभा नव्हती. मी आत्याला हसवायला रचलं आणि एक पान कमी पडलं तेव्हा छापलं. काल तुला खोटं 'हो' म्हटलं.*

*पुरावा एक: मी.*

*पुरावा दोन: एकोणीस ग्रंथालयं.*

त्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. चष्मा काढला. पण तो हसला नाही. सदऱ्याच्या टोकानं काचा पुसल्या, खूप वेळ पुसल्या, आणि चष्मा पुन्हा चढवला.

"काका," तो म्हणाला, "थांबवा."

"आता? कागद लावलाय मी."

"थांबवा."

मशीन थांबलं. एवढी शांतता त्या तळमजल्यावर तिनं कधी ऐकली नव्हती.

"सहा वर्षं झाली त्याला," तो तिला म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, ते जास्त वाईट होतं. "ते मी समजू शकतो. कालचं नाही. काल मी तुझ्यासमोर उभा राहून विचारलं होतं."

"हो."

"काल तू मला थांबवायला हवं होतंस."

"हो."

"दुसरं काही बोलता येत नाही का तुला?"

"येतं," ती म्हणाली. "पण जे बोलेन, त्याला तू आता पुरावा मागशील. आणि मागायलाच हवा."

तो जिना चढू लागला. ती त्याच्या मागे. त्यानं 'येऊ नकोस' म्हटलं नाही, 'ये'ही म्हटलं नाही.

मालकीणबाईंनी चिठ्ठी वाचली आणि उशिराच्या चहाचा कप बाजूला सरकवला.

"सही कुणाची आहे?"

"माझी," तो म्हणाला. "पुरावे न बघता केली."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"माझ्या," त्याच्या आधी तीच म्हणाली.

मालकीणबाई दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिल्या. "मुखपृष्ठाच्या प्लेटी फुकट. नवं चित्र, तेही आठ दिवसांत. आणि वर्षाच्या शेवटच्या पानावर, जिथे आपण चुका कबूल करतो, तिथे हे सगळं येणार. चूक म्हणून नाही, खोटं म्हणून." त्या तिच्याकडे वळल्या. "तू वर्षभर मागची बाजू लिहायची नाहीस. पुढची कर. तारखा, वार, सूर्योदय. एक वाक्य म्हणून लिहायचं नाही." मग त्याच्याकडे. "आणि तुम्ही तिचे सूर्योदय तपासायचे. एकेक. कंटाळा येईपर्यंत."

मालकीणबाईंची शिक्षा देण्याची पद्धत तेव्हा तिला क्रूर वाटली होती.

*

बुधवार. तो बोलला नाही.

गुरुवार, शुक्रवार. तिनं सूर्योदयांचा तक्ता त्याच्या टेबलावर ठेवला, त्यानं तपासून तिच्या टेबलावर ठेवला. एका ठिकाणी सहा बावीसऐवजी सहा बत्तीस पडलं होतं. त्यानं त्याभोवती नुसता गोल काढला.

शनिवारी मशीनकाका तिच्यापाशी आले. "मागचे," ते म्हणाले, मग थबकले. "आता तू पुढची झालीस ना? जाऊ दे, तोंडात बसलंय. तो मठ्ठ काही बोलतो का?"

"नाही."

"तुझ्या टेबलासमोरून जातो ना पण?"

"पाण्याला जात असेल."

"पाणी त्या बाजूला नाहीये," काका म्हणाले आणि निघून गेले.

सोमवारी तिनं मोजलं. सहा वेळा. मंगळवारी सात. बुधवारी पाच, पण बुधवारी तो अर्धा दिवसच होता.

तरी एक शब्द नाही. तिनं राजीनामा लिहिला. कॅलेंडरच्या पुढच्या बाजूइतकी छोटी चिठ्ठी, तारीख आणि दोन ओळी. शनिवारी द्यायची म्हणून खणात ठेवली, लाल पेन्सिलीशेजारी.

शनिवार अकरावा दिवस होता. ती जेवून परतली तर सूर्योदयांच्या तक्त्यावर एक चिठ्ठी पडलेली. अक्षर त्याचं, इतकं सरळ की पट्टी धरून काढल्यासारखं.

*गोष्ट: एक माणूस रागावला. राग खरा होता. पण त्या रागाच्या अकरा दिवसांत तो एका टेबलासमोरून, काहीही काम नसताना, रोज पाच ते सात वेळा गेला. जाताना त्याचा वेळ हरवत होता. परत येतानाही मिळत नव्हता.*

*पुरावा एक: मशीनकाका (चौकशी केली. म्हणाले, आंधळ्यालाही दिसेल).*

*पुरावा दोन:*

पुढे जागा कोरी होती.

तो पलीकडे शिडीच्या तिसऱ्या पायरीवर बसला होता. हातात पुस्तक, पुस्तक उलटं.

तिनं खण उघडला. राजीनाम्याची चिठ्ठी होती, ती बाजूला सारली. लाल पेन्सिल काढली. कोऱ्या जागेत लिहिलं: *मी मोजले आहेत. बुधवारी पाच.* आणि जाऊन शिडी धरली.

त्यानं वरून हात खाली केला, चिठ्ठी घेतली, वाचली.

"लाल पेन्सिल," तो म्हणाला. "लाल शेऱ्यांचा मला कंटाळा आहे, माहितेय ना?"

"दुसरी नव्हती."

"पुन्हा खोटं बोलशील?"

"आत्या घाबरली तर बोलेन. तुझ्याशी नाही."

त्यानं विचार केला. खरंच विचार केला, ते तिला दिसत होतं, आणि तेवढा वेळ तिनं शिडी सोडली नाही.

"एक राहिलंय," तो शेवटी म्हणाला. "तो सही करणारा माणूस. मी चार महिने त्याला शोधत होतो. आता तो नाहीच म्हटल्यावर जरा... चुकल्यासारखं होतं."

"माफ कर."

"माफ नाही. सवय होईल." त्यानं खिशातून पेन काढलं, चिठ्ठी गुडघ्यावर ठेवली आणि दोन पुराव्यांखाली सही केली. मग चष्मा काढला, खिशात ठेवला. "आता तू विचार. मी त्या दिवशी काय विचारणार होतो ते."

"काय विचारणार होतास?"

"तू शिडी सोडून वर येशील का?"

"दोघांचं वजन पेलेल?"

"पुरावा नाही," तो म्हणाला.

ती चढली.

*

कारखान्याच्या हजेरीच्या वहीत, सहा वर्षांपूर्वीच्या सहाव्या महिन्यात, चौदा तारखेच्या पानावर, सात वाजून अकरा मिनिटांनी फाटकावर पोचलेल्या एका कामगार बाईच्या नावापुढे त्याच्या सरळ अक्षरात 'वेळेवर' असं लिहिलेलं आहे आणि खाली त्याची त्या वहीतली शेवटची सही आहे.